नकाशातलं तळं आणि हिवरदरीची बारव

गेली नऊ वर्षं मी अमरावतीच्या एका कचेरीत बसून नद्या काढतो आहे. म्हणजे कागदावर. वऱ्हाडातल्या खेड्यांना पाणी आणि पुढेमागे वीज कशी पुरवायची याचे आराखडे आमच्याकडे होतात, आणि ते नकाशावर उतरवणं हे माझं काम. पैनगंगेचा उगमाकडचा भाग तर मी इतक्या वेळा काढला आहे, की डोळे मिटून तिची वळणं दाखवीन. फक्त ती नदी मी कधी पाहिली नव्हती.

जर्मनी-जपानची लढाई संपली आणि सगळ्या खात्यांना पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा विचार करायचे हुकूम सुटले. आमचे इंजिनिअर सबनीस साहेब या हुकमाची वाटच बघत होते. बुलढाणा जिल्हा म्हणजे दुमजली घर आहे. वर घाटावरचा मुलूख, खाली पूर्णेकाठचा सपाट काळा मुलूख, आणि मध्ये डोंगराची कड. पैनगंगा वरच्या मजल्यावर. साहेबांचं म्हणणं असं, की देऊळघाटाच्या वरच्या अंगाला धरण बांधावं, पाणी कालव्याने कडेपर्यंत आणावं आणि जाड लोखंडी नळांतून खाली सोडावं. पडत्या पाण्यावर वीज करायची. त्या विजेवर मलकापूर-खामगावची कापसाची जिनं चालतील, रॉकेलच्या कुपनासाठी रांगा लावणाऱ्या गावांत दिवे लागतील, आणि तेच पाणी पुढे घाटाखालच्या गावांना प्यायला मिळेल. हे सांगताना साहेबांचा आवाज बदलायचा. एरवी ते कोरडे गृहस्थ.

त्या धरणाचं तळं मीच निळ्या शाईने रंगवलं होतं. त्याच्याखाली एक गाव बुडत होतं. हिवरदरी.

योजना मंजुरीसाठी नागपूरला मंडळापुढे जायला तीन आठवडे होते. जागेवर जाऊन पडताळा घ्यायचा होता, आणि नेमका आमचा ओव्हरसिअर मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळला. साहेबांनी मला बोलावलं.

"तुम्ही जा. भिंतीची जागा बघा, बुडणारं गाव बघा आणि पावसाच्या मूळ वह्या बघा. आपल्याकडे आहेत त्या नकला. एकदा खात्री करून या, म्हणजे मंडळात कोणी बोट दाखवायला नको."

असा मी चैत्रात निघालो. त्या बाजूला जायचा तुमचा विचार असेल तर चैत्रातच जा असं मी सांगेन. सोयीचा नाही, पण खरा मुलूख तेव्हाच दिसतो.

बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली. शेगावला अर्धा डबा दर्शनासाठी उतरला आणि बसायला पाय पसरून जागा मिळाली. मलकापूरला उतरून मोटारस्टँडवर गेलो. बुलढाण्याच्या मोटारी अजून कोळशाच्या गॅसवर चालतात. मागे भट्टी असते, म्हणून मागची जागा घेऊ नका. मी घेतली, आणि मोताळ्यापर्यंत पाठ भाजून निघाली. सव्वा रुपया भाडं, ट्रंकेचे दोन आणे वेगळे. राजूरचा घाट लागला तशी मोटार धापा टाकायला लागली आणि क्लीनर ओरडला, "उतरा, उतरा! बायामानसं बसा, बाकी पायी चाला."

आम्ही वीसेक माणसं मोटारीच्या मागून घाट चढलो. माझ्यासारख्याला हे फार चांगलं झालं. जी चढण मी नकाशावर दाट रेघांनी दाखवत आलो होतो, ती आता पोटऱ्यांना कळत होती. मध्ये थांबून मागे पाहिलं तर खालचा मुलूख धुरकट पसरलेला. इथूनच ते नळ खाली जाणार होते. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही साहेबांसारखंच वाटलं. एवढी उंची फुकट घालवायची म्हणजे काय!

घाटमाथ्यावर वारा लागला आणि घाम वाळला. बुलढाणं थंड हवेचं गाव म्हणतात ते उगीच नाही. स्टँडजवळच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, बेसन आणि कांदा खाल्ला. बेसन म्हणजे आपलं पिठलं. तिखट इतकं की दोनदा पाणी मागितलं. दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा खानावळवाल्याने पेला अर्धाच भरला. मला राग आला होता. आता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दमणी केली. दमणी म्हणजे दोघातिघांची हलकी बैलगाडी. त्या रस्त्याला तिच्याइतकं सुखाचं वाहन नाही. देऊळघाटला दोन तासांत पोचलो. गाव चांगलं मोठं, हिंदू-मुसलमान दोघांची वस्ती, नदीकाठाला मळे. गाडीवाल्याला म्हटलं, आधी मला नदी दाखव.

"थे काय, समोरच तं हाये," तो म्हणाला.

समोर वाळू होती. वाळूत मध्येमध्ये खड्डे करून बायका वाटीने पाणी भरत होत्या. पलीकडच्या दगडाशी एक डबकं होतं, त्यात म्हशी बसल्या होत्या. नदी म्हणून मी जी ठसठशीत निळी रेघ नऊ वर्षं ओढली होती ती ही. मी उतरून पात्रातून पलीकडे चालत गेलो आणि परत आलो. जोड्याला ओल लागली नाही.

उन्हाळ्यात नदी आटणार हे साहेबांना ठाऊक होतंच. म्हणून तर धरण. पावसाळ्यात किती पाणी येतं यावर सगळं गणित, आणि ते गणित उभं होतं पावसाच्या आकड्यांवर. ते आकडे गावाबाहेरच्या डाकबंगल्यातून यायचे.

डाकबंगला लहान, कौलारू, पुढे कडुनिंब. चौकीदाराचं नाव नथ्थूजी. साठीला आलेला, वाळलेला माणूस, डोक्याला लाल पागोटं. बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत पाऊस मोजायचं यंत्र त्याने स्वच्छ ठेवलं होतं. यंत्र म्हणजे तांब्याचं नरसाळं आणि त्याखाली बाटली. रोज सकाळी आठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा, इतकं ते काम. वीस-बावीस वर्षं नथ्थूजी ते करत होता. लिहायला त्याला एका मास्तरांनी शिकवलं होतं, ते खास या आकड्यांपुरतं.

त्याने मला मुगाची डाळ आणि भाकरी करून वाढली, कैरीची चटणी वाटली, आणि जेवण झाल्यावर वह्यांचा गठ्ठा आणून ठेवला. मी आमच्या नकला काढून ताडायला बसलो. आकडे तंतोतंत जुळत होते. दुपार टळायला आली तसा मी निवांत झालो आणि आकडे सोडून नुसतं अक्षर बघत बसलो. शाईत आयुष्य गेलेल्या माणसाची ती खोड असते.

आणि मग मला काहीतरी खटकलं.

रोज एक ओळ लिहिली की ओळी कधी सारख्या येत नाहीत. आज शाई दाट, उद्या पातळ. आज टाक नवा, आठ दिवसांनी पसरलेला. नथ्थूजीच्या बहुतेक वह्या तशाच होत्या, चांगल्या, वेड्यावाकड्या. पण काही सालांचे पावसाळे निराळे दिसत होते. महिनाच्या महिना एका हाताने, एका बैठकीत उतरलेला. टाक बुडवला की पाच ओळी दाट, मग फिकट होत जाणाऱ्या, पुन्हा टाक बुडवला की दाट. असे पाच-सहा पावसाळे होते.

"नथ्थूजी, हे रोजच्या रोज लिहिलेलं आहे?"

त्याने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हाव साहेब."

"सगळं?"

"चहा करू का साहेब?" म्हणत तो आत गेला आणि चहा घेऊन फार वेळाने आला. त्या दिवशी आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी मी हिवरदरीला गेलो. बंगल्यापासून कोसभर पायवाट. चाळीस-पन्नास घरं, मारुतीचं देऊळ, एक लहान मशीद, आणि गावाच्या खालच्या अंगाला जुनी दगडी बारव, पायऱ्यांनी उतरायची विहीर. गावाच्या वरच्या बाजूला आमच्या माणसांनी मागच्या साली चुना लावलेले दगड पुरले होते. त्या दगडांपर्यंत तळ्याचं पाणी चढायचं होतं. दगड मारुतीच्या कळसापेक्षाही उंचावर होते.

मी कोण हे मला सांगावं लागलं नाही. टोपी आणि नकाशाची नळी बघून बारवेवरच्या बायकाच म्हणाल्या, "आले पानीवाले बाबू."

त्यांच्यात दोघी म्हाताऱ्या होत्या. एक द्वारकाबाई, शेतकऱ्याच्या घरची, ठेंगणी, मोठ्या आवाजाची. दुसरी सकिनाबी. तिचा नवरा नदीकाठी मळा करायचा. दोघी लग्न होऊन एकाच सालात या गावात आल्या आणि तेव्हापासून एकाच बारवेवर पाणी भरत आल्या. दोघींचं बोलणं चालूच असे, आणि निम्मं भांडण असे.

द्वारकाबाईंनी घागर कट्ट्यावर ठेवली आणि सरळ विचारलं, "काहो बाबू, आमचं गाव बुडनार हाये म्हन्तात. खरं हाय का?"

मी चाचरलो. "अजून ठरलं नाही. धरण झालं तर..."

"मंग मले एक सांगा. आमाले बुडवाले इतलं पानी तुमी आननार कुठून?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. पण त्या हसत नव्हत्या. "मी हासाले नाई इचारून राह्यली," त्या म्हणाल्या. "त्या चुन्याच्या दगडापर्यंत पानी म्या जलमात पाह्यलं नाई. तुमच्या कागदावर कोन पाह्यलं?"

मी बारवेत उतरलो. एक्केचाळीस पायऱ्या, त्यातल्या चौतीस कोरड्या. पस्तिसावीवर पाणी, हिरवट पण गार. वर आलो तेव्हा धाप लागली होती, आणि माझ्या हातात घागर नव्हती.

"या साली पस्तीस," मी दम खात म्हटलं. "मागच्या चैत्रात कुठे होतं?"

"एकोनतीस," द्वारकाबाई म्हणाल्या.

"तीस," सकिनाबी म्हणाल्या. "एकोनतिसावीवर तं फुटका दगड हाये. त्याच्यावर पाय ठेवून मी खाली वाकत होती. भूल गई क्या?"

"हाव, तीस," द्वारकाबाईंनी मान्य केलं.

मी जागच्या जागी उभा राहिलो. या दोघींना प्रत्येक सालची पायरी ठाऊक होती. ठाऊक असणारच, त्या पायरीपर्यंत त्या रोज उतरत होत्या आणि डोक्यावर भार घेऊन रोज चढत होत्या. वहीतला आकडा विसरेल, गुडघा कसा विसरेल?

मी कट्ट्यावर कागद पसरला आणि बारवेचा छेद काढला. बाजूने कापून दाखवावी तसा, एकेक पायरी मोजून. मग दोघींना विचारत गेलो. सालं त्यांना आकड्यांनी येत नव्हती. "थोरल्याच्या वक्ती पोटुशी होती त्या साली सव्वीस." "तापाची साथ आली, घरं रिकामी झाली, त्या साली कोनी पायऱ्या मोजल्या नाई." "माह्या नंदेचं लगन, तव्हा चौदा. लय पानी होतं." मी मुलांची वयं विचारायचो, बोटांवर मागे जायचो आणि साल काढायचो. दोघींचं एकमत झालं तरच पायरीवर साल लिहायचं, असं मी ठरवलं. वाद झाला की ते साल सोडायचं. चूल पेटवायची वेळ झाली तशा त्या घरी जाऊन परत आल्या. सकिनाबींनी मला ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत पाठवलं, द्वारकाबाईंनी ताक. ऊन उतरेपर्यंत माझ्या कागदावर सतरा पायऱ्यांवर सालं लिहून झाली होती.

एका सालापाशी दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"त्या साली पानीच नव्हतं," सकिनाबी हळू म्हणाल्या. "एक्केचाळीस. बारव पार आटली."

"त्या साली हिची लाडकी लेक गेली," द्वारकाबाई म्हणाल्या. "गढूळ पान्यानं. हगवन लागली. दोन दिसात."

सकिनाबींनी पदर डोक्यावर सारखा केला. "लिहून घ्या बाबू," त्या म्हणाल्या. "त्याच्यात वाद नाई."

मी लिहिलं. ते अक्षर बाकीच्यासारखं आलेलं नाही.

बंगल्यावर परत येताना पायवाटेवरच मला ते साल वहीत पाहिल्याचं आठवलं, पण खात्री करायला वही उघडावी लागली. ते साल नथ्थूजीच्या वहीत चांगल्या पावसाचं होतं. दर पाच ओळींना टाक बुडवलेलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी छेदाचा कागद टेबलावर पसरून त्याच्याशेजारी वह्या मांडल्या. नथ्थूजी चहा घेऊन आला आणि कागद बघत उभा राहिला. त्याला नकाशे कळत नसतील असं मला वाटलं होतं. पण पायऱ्या कोणालाही कळतात.

"हे हिवरदरीची बारव," तो म्हणाला. मी त्याला बसायला सांगितलं. तो खाली बसला, भिंतीला टेकून.

"साहेब, मी खोटा मानूस नाई."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"सुरुवातीले मी जे पडे थेच लिहो. एक साल पाऊसच आला नाई. महिनाभर मी शून्य, शून्य, शून्य लिहून कागद पाठवला. वरतून बोलावनं आलं. तिथं एक बाबू होता, त्यानं कागद माह्या तोंडावर फेकला. म्हने, इतला कमी कसा? बाटली फुटली का तुही, का झोपा काढतं? पगार कापला. म्हने पुन्हा असा कागद आला तं दुसरा मानूस पाहू." त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "माह्या घरी पाच जनं खानारे. मंग ज्या साली पाऊस पडला नाई, त्या साली म्या थोडा पाडला."

"किती साली?"

"सहा. चांगल्या साली काऊन खोटं लिहू? चांगल्या सालाचे सारे खरे हायेत."

मी कपाळाला हात लावला. नेमकी वाईट सालंच वहीतून नाहीशी झाली होती. साहेबांच्या गणितात पैनगंगा कधी उपाशी राहिलीच नव्हती. त्या गणितावर तळं, त्या तळ्याखाली हिवरदरी, त्या पाण्यावर दिवे, आणि दिव्यांवर पुढची तीस वर्षं.

"मला हे साहेबांना सांगावं लागेल," मी म्हटलं. "पण तुमचं नाव न घेता सांगता येईल. यंत्र झाडाच्या आडोशाला होतं, पानांवरचं पाणी त्यात पडायचं, काही सालचे आकडे भरवशाचे नाहीत, असं लिहितो."

मला वाटलं त्याला हायसं वाटेल. त्याने मान हलवली.

"आडोसा नाई त्याले. रोज झाडून ठेवतो मी. लोक पाहातीन तं म्हनतीन, नथ्थूले जागा बी साफ ठेवता आली नाई." तो उठला, माझी लाल पेन्सिल मागितली आणि वही पुढे ओढली. "मी दाखवतो कोनता महिना खरा, कोनता माहा. माहं नाव लिहा. पन त्या बाबूनं काय म्हटलं थे बी लिहा."

त्याने एकेक पान उलटलं. एकाही पानापाशी तो अडला नाही. सहाही पावसाळे त्याला पाठ होते. तुम्हाआम्हाला आपल्या चांगल्या वर्षांची इतकी आठवण नसते.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. घाट उतरताना मोटार जोरात जाते, एवढंच. तुम्ही जाल तेव्हा परतीला एक दिवस जास्त ठेवा. लोणारला किंवा देऊळगाव राजाच्या बालाजीला जाऊन यायचं मीही ठरवलं होतं, पण मांडीवरच्या नळीत तो कागद असताना कुठे जावंसं वाटेना.

अमरावतीला सबनीस साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग छेदाचा कागद उचलून खिडकीशी नेला.

"दोन म्हाताऱ्यांच्या आठवणींवर मी मंडळापुढे जाऊ?"

"वहीवर गेलात तर एका म्हाताऱ्याच्या भीतीवर जाल, साहेब."

असं मी वरिष्ठांशी पूर्वी कधी बोललो नव्हतो. ते रागावले नाहीत, पण कागद माझ्या हातात दिला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी नागपूरला तार गेली, मुदत वाढवून द्यावी म्हणून. कारण काही लिहिलं नव्हतं. कचेरीत कुजबुज सुरू झाली की या नकाशेवाल्याने साहेबांची योजना बुडवली. मला वाईट वाटत होतं. तो माणूस विजेवर स्वतःच्या मोठेपणासाठी प्रेम करत नव्हता, हे मी नऊ वर्षं पाहिलं होतं.

ज्येष्ठात साहेब चार दिवसांच्या रजेवर गेले. कुठे ते कोणालाच सांगितलं नाही. रविवारी सकाळी माझ्या घराची कडी वाजली. दारात साहेब, हातात वळकटी, कपड्यांवर प्रवासाची धूळ. स्टेशनवरून थेट आले होते. माझ्या बायकोने, इंदूने, घाईने बैठक झटकली आणि पाण्याचा तांब्या-भांडं पुढे ठेवलं.

"हिवरदरीला गेलो होतो," ते म्हणाले.

मी विचारलं, "पाणी कुठल्या पायरीवर होतं?"

"मोजल्या नाहीत. तुमच्या त्या द्वारकाबाई भेटल्या. मी त्यांना म्हटलं, आणा ती घागर, मी वर नेतो. त्या नको नको म्हणत होत्या, मीच हट्ट केला." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मध्ये दोनदा बसलो. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा घागर कलंडली. निम्मं पाणी सांडलं."

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. घागर घेऊन पुन्हा खाली गेल्या."

इंदू दारात उभी होती ती आत निघून गेली. साहेबांनी भांड्यातलं पाणी संपवलं आणि उठले. "विजेची पानं काढून टाकायची नाहीत," ते म्हणाले. "पण ती शेवटी लावा. आधी पंधरा वर्षं पाऊस मोजायचा, पाच ठिकाणी, आणि नदीला पाण्याच्या उंचीची खूण लावायची. तोवर जुन्या बारवा साफ करायच्या, नाले अडवायचे, नदीकाठच्या वाळूत विहिरी घ्यायच्या. त्यानंतर ज्याला करायचं त्याने वीज करावी. मी नसेन. उद्या लवकर या."

त्यानंतर मी ते तळं खरवडलं. पक्की निळी शाई नकाशाच्या कापडावरून पुसली जात नाही. पात्याने हळूहळू काढावी लागते. दोन दिवस लागले.

मंडळाने नव्या योजनेवर अजून निकाल दिलेला नाही. तीस वर्षांच्या योजनेत पहिली पंधरा वर्षं नुसतं मोजणं आणि गाळ उपसणं, हे काही सभासदांना हास्यास्पद वाटलं असं ऐकतो. नथ्थूजीकडून खुलासा मागवला गेला. चौकीदारी राहिली, पण पाऊस मोजायचं काम आणि त्याचा जादा भत्ता गेला. ते काम आता शाळेच्या मास्तरांकडे आहे. मी नथ्थूजींना पत्र लिहून क्षमा मागितली. त्यांचं उत्तर मास्तरांनी लिहून पाठवलं: "क्षमा काऊन मांगता? आता मी कागदाले भेत नाई." त्या उत्तराने मला बरं वाटलं असं म्हणवत नाही. सहा सालांच्या भीतीची किंमत त्यांनीच मोजली, आणि ज्याने कागद फेकला त्याला कोणी विचारलंही नाही. ही बोच राहिली आहे.

या प्रवासाने मी शहाणा झालो असंही नाही. अजूनही घाटाचा नकाशा समोर आला की ती उंची बघून मन खाली झेप घेतं, आणि वाटतं, इथे दिवे लागायला हवेत. लागोत बापडे. कधीतरी लागतील.

पाऊस मोजायला साहेबांनी निकालाची वाट पाहिली नव्हती. पाच ठिकाणांहून पहिल्या पावसाळ्याचे कागद भाद्रपदात आले. देऊळघाटच्या कागदावर श्रावणात एका ठिकाणी ओळीने अकरा शून्यं होती, दर दिवशीची शाई निराळी. मी तो कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, खाली सही केली आणि परत दिला. मी जागेवर येऊन अकराही शून्यं पक्क्या वहीत उतरवून घेतली.